बगळ्याची गाडी

शिरगावे काकांनी गाडीला तिसरी प्रदक्षिणा घातली, मागच्या सीटवर बसून दोनदा हलून पाहिलं, खाली उतरून बॉनेटवरच्या चंदेरी बगळ्याच्या चोचीला बोट लावलं आणि म्हणाले, "बघू की."

मी हसले. नोकरीच हसायची होती. "काका, परत एक चक्कर मारून बघायची का?"

"नको नको. झकास हाय गाडी. बघू की."

आमच्याकडे 'बघू की' म्हणजे 'नाही'. भांडायचंच असेल तर कोल्हापूरकडचा माणूस भर रस्त्यात भांडेल, पण ज्यानं समोर चहा ठेवला त्याला तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. काकांनी कॉफी संपवली, माझ्या आईची चौकशी केली आणि गेले. आठव्या दिवशी त्यांच्या इचलकरंजीच्या बंगल्यासमोर दुसऱ्याच कंपनीची गाडी उभी राहिली, तीही आमच्यापेक्षा महाग.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कोल्हापुरात हेलब्रन गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्स मॅनेजर होते. हेलब्रन हे नाव आमच्या लोकांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. बॉनेटवर बगळा, म्हणून 'बगळ्याची गाडी', आणि पुढंपुढं नुसता 'बगळा'. फौंड्रीवाला असो, यंत्रमागवाला असो की डॉक्टर, 'त्यानं बगळा घेतला' एवढं म्हटलं की माणूस वर चढला हे गावाला कळायचं. एका वर्षी आम्ही अठ्ठावीस बगळे विकले होते. पुढच्या वर्षी एकोणीस. मग अकरा. आणि त्या वर्षी गणपती बुडाले तरी आमचा आकडा चारच्या पुढं सरकला नव्हता.

कंपनीनं मुंबईहून तनेजा नावाचा एक हुशार माणूस पाठवला. त्यानं तीन दिवस जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून फॉर्म भरून घेतले आणि पंचवीस पानांचा अहवाल दिला. गाडीची उंची कमी आहे, रंग मोजके आहेत, स्टिअरिंगशेजारचा टचस्क्रीनचा पडदा वापरायला अवघड आहे. सगळं खरं होतं आणि सगळं अठ्ठावीस विकले त्या वर्षीही तसंच होतं. अहवालापाठोपाठ पत्र आलं : दसऱ्यापर्यंत सहा बुकिंग, नाहीतर एजन्सी काढून घेऊ.

आमचे मालक सरनोबत साहेब. त्यांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. वर्कशॉपसकट आम्ही बावीस माणसं होतो. बावीस घरांच्या चुली त्या सहा गाड्यांवर होत्या.

"मी शिरगाव्यांकडं जाऊन येते," मी म्हणाले.

"जाऊन काय विचारणार?"

"गाडी का घेतली नाही ते."

"असं विचारतात होय कुणाला?"

"नोकरी जायचीच असेल तर विचारून तरी जाऊ दे, साहेब."

दसऱ्याला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इचलकरंजीला पोचले. काका व्हरांड्यात पेपर वाचत होते. मला बघून त्यांचा चेहरा, उधारी थकवलेल्या माणसाला वाटेत वाणी भेटावा, तसा झाला. काकींनी मात्र लगेच पोहे टाकले.

"काका, खरं सांगा. आमच्या गाडीत कमी काय होतं?"

"कमी कुठं? रंग जरा..."

"तुमच्या दोन्ही जुन्या गाड्यांचा रंग तोच होता."

"मग ॲव्हरेज बी..."

"ॲव्हरेज बघून कुणी बगळा घेतो होय, काका?"

ते हसले आणि पेपरची घडी घालायला लागले. ती घडी काही संपेना. शेवटी पोह्याच्या बशा घेऊन आलेल्या काकी म्हणाल्या, "सांगा की तिला. एवढ्या लांबनं आलीया पोरगी."

"अगं, सांगण्यासारखं काय न्हाईच त्यात," काका म्हणाले. "मला गाडीतलं काय कळतंय? मी मागं बसून पेपर वाचतो, न्हाईतर घोरतो. गाडी इलाही चालवतोय सत्तावीस वर्षं. पयला बगळा घेतला तवा मी त्याला इचारलं, कशी हाय रे? तर गडी तासभर बोलत हुता. वळणावर कशी बसती, घाटात कशी चढती, ब्रेक कसा लोण्यागत लागतोय. साऱ्या इचलकरंजीत सांगत फिरला. माझ्या चार दोस्तांनी त्याचं ऐकून बगळा घेतला. तुमच्या त्या जाहिराती कोण बघतंय?"

"आणि या वेळी?"

"या वेळी इचारलं, तर म्हणाला, बरी हाय."

"एवढंच?"

"एवढंच. परत इचारलं. 'बरी हाय की, मालक.' बाई, सत्तावीस वर्षांत ह्या माणसानं दोनच गोष्टींना बरी हाय म्हटलंय. एक माझ्या मेव्हण्यासंगतीची भागीदारी आणि दुसरी तुमची गाडी. त्या भागीदारीचं काय झालं ते मी सांगत बसत न्हाई."

काकींनी बशी जरा आपटूनच खाली ठेवली.

मी पोहे अर्धेच खाल्ले. इलाही मुजावर बंगल्यामागं नवी गाडी पुसत होते. साठीला टेकलेला, सडपातळ माणूस, पांढरी दाढी, पँटच्या पट्ट्याला लटकवलेलं पिवळं फडकं. मला बघून त्यांनी घाईनं एक स्टूल आणलं, फडक्यानं पुसून माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः उभे राहिले.

"चाचा, आमच्या गाडीत काय खोट दिसली तुम्हाला?"

"खोट? खोट काय न्हाई, मॅडम."

"मग मालकांना तसं का सांगितलंत?"

"खोट हाय असं कुठं सांगितलं? बरी हाय म्हटलं." ते पुन्हा आरसा पुसायला लागले. पुसलेलाच आरसा पुसत होते.

मला राग आला. माझा राग पटकन येतो, अजूनही येतो. "तुमच्या या 'बरी हाय'पायी बावीस माणसं घरी बसणार आहेत, चाचा. कल्लाप्पा फोरमनसुद्धा."

कल्लाप्पाचं नाव घेतल्यावर त्यांचा हात थांबला.

"कल्लाप्पाचं वाईट वाटतंय," ते म्हणाले. "लई वाईट वाटतंय. पण मी काय सांगू मालकास्नी? आधी सर्व्हिसिंगला आलो की आम्ही आत करंजाच्या झाडाखाली बाकावर बसत हुतो. गाडी वर उचलली की कल्लाप्पा हाक मारायचा, 'या चाचा, पोट बघा तुमच्या गाडीचं.' जुनं आईल बोटावर घिऊन दाखवायचा. कुठला नट ढिला, कुठं घासतंय, समदं डोळ्यानं बघायचो. मग मालकानं इचारलं की छाती ठोकून सांगत हुतो, झकास हाय म्हणून. आता गाडी काचंच्या मागं जाती आणि चार तासानं धुऊन येती. मधी काय केलं, काय न्हाई, देवाला ठावं. न बघितलेल्याला झकास म्हणू? खाल्ल्या मिठाला जागायचं का न्हाई माणसानं?"

"पण तुम्ही आत का..." म्हणता म्हणता मी गप्प झाले. का ते मला चांगलं माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी शोरूम नवं केलं तेव्हा कंपनीचं नियमांचं पुस्तक आलं होतं. वर्कशॉपात बाहेरचं कुणी नको. ग्राहक कक्षात फक्त गाडीचे मालक. करंज तोडला, बाक भंगारात गेला. खंडेनवमीला सगळे ड्रायव्हर आपापल्या गाड्या आणून वर्कशॉपात पूजा करायचे, कल्लाप्पा प्रत्येकाला नारळ आणि शर्टपीस द्यायचा, तेही फरशीवर कुंकू सांडतं म्हणून बंद झालं. मागच्या गेटवर एक बोर्ड लागला : 'वाहनचालकांनी कृपया गेटबाहेर थांबावे.' ते वाक्य माझं. पुस्तकात 'कृपया' नव्हतं, ते मी घातलं होतं. त्या एका 'कृपया'चा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

"गेटबाहेर सावली न्हाई, पाणी न्हाई," इलाहीचाचा सांगत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हीच अडचण होती. "लघवीला पार हायवे ओलांडून जायाचं. मे महिन्यात एक दिवस आम्ही सहा जण हुतो, चार तास. त्यात तुमचं वडील बी हुतं."

"माझे वडील?"

"आण्णासो पोवारांची पोरगी न्हवं तुम्ही?"

शोरूममध्ये ही गोष्ट कुणालाही माहीत नव्हती. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी 'ट्रान्सपोर्टमध्ये आहेत' म्हणायची. आण्णा तीस वर्षं डॉक्टर इंगवल्यांची गाडी चालवत होते. डॉक्टरांकडं बगळाच होता, पण तो मी नोकरीला लागायच्या आधी घेतलेला. आमच्याकडं घरी बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात. शोरूमच्या दारातून आत शिरताना मी 'येते, जाते' करून घ्यायची, त्यातलाच हाही प्रकार.

"तुमची चूक होतेय, चाचा," मी म्हणाले. "आण्णा सर्व्हिसिंगला येत नाहीत. डॉक्टरांचा कंपाउंडर येतो गाडी घेऊन. आण्णांनीच सांगितलं होतं मला."

"कुठला कंपाउंडर?" चाचांनी विचारलं. मग आण्णांनी मला खोटंच सांगितलं होतं हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. "आम्ही त्यास्नी म्हटलं हुतं, 'आण्णा, पोरगी आत सायबीण हाय, एक फोन लावा, पाणी तरी मिळंल.' तर म्हणाले, 'नको. तिची नोकरी हाय. तिला खाली बघायला लावायचं न्हाई.' डोक्यावर रुमाल टाकून बसले. आम्ही मग परत काय बोललो न्हाई."

मी स्टुलावरून उठले. चाचांनीच स्टूल उचललं आणि म्हणाले, "हे मी सांगितलं म्हणून आण्णांना म्हणू नका हं, बाई."

मी शोरूमला न जाता सरळ घरी गेले. आण्णा जेवायला बसले होते. ते रोज दुपारी दीडला घरी येत, गणवेशाचा पांढरा सदरा खुंटीला अडकवत आणि बनियनवर जेवत. मला अवेळी बघून आई घाबरली.

"आण्णा, डॉक्टरांची गाडी सर्व्हिसिंगला कोण आणतं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "का गं?"

"कोण आणतं?"

"कोण म्हंजे? मीच."

"मग कंपाउंडर कशाला सांगितलात मला?"

आण्णांनी घास खाल्ला, पाणी प्याले. आम्हा दोघांत भांडायचं मी आणि जेवायचं त्यांनी, असं लहानपणापासून ठरलेलं होतं.

"तू जेवायच्या टायमाला घरी येत न्हाईस," ते म्हणाले. "रातच्याला येतीस ती दमून. त्यात आणि हे कशाला सांगायचं? तू काय मुद्दाम केलंस व्हय? कंपनीचा नियम हाय. नोकरी म्हटल्यावर नियम आलाच."

"चार तास उन्हात बसलात तुम्ही! मी वीस पावलांवर एसीत बसले होते!"

"मागच्या गेटाच्या अंगाला खिडकी न्हाई तुमच्या. मी बघून घेतलं हुतं," आण्णा म्हणाले. मला दिलासा द्यायलाच म्हणाले.

मला रडू आलं. लाजेनं आलं. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ते आणखीच वाढलं. डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वीच बगळा बदलून दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली होती. मी त्यांना तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा ते फार गोड बोलले होते. आता एकच विचारायचं राहिलं होतं आणि ते विचारायची मला भीती वाटत होती.

"नवी गाडी घ्यायच्या आधी डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, आण्णा?"

"इचारलं की. मला इचारल्याबिगर ते टायर बी बदलत न्हाईत."

"काय सांगितलंत?"

आण्णांनी ताटातल्या भाताचं आळं केलं, त्यात आमटी घेतली. बराच वेळ कालवत बसले.

"बरी हाय म्हटलं," ते म्हणाले.

आईनं वाढायचा डाव खाली ठेवला. तिलाही हे माहीत नव्हतं.

"तुझ्यासाठी गेटाबाहीर बसलो, त्याचं काय न्हाई, जन्मभर बसलो असतो," आण्णा म्हणाले. "पण मालकानं तोंडावर इचारल्यावर खोटं कसं बोलू? गाडी चांगलीच हाय गं. पण ज्या जागेवर तीन वरसं मला आत घेतलं न्हाई, तिथं गाडीचं काय करत्यात हे मी कसं सांगू? तुला वाईट वाटणार, ठावं हुतं मला. तरी बोललो."

मी जेवले नाही. तोंड धुतलं आणि शोरूमला गेले. सरनोबत साहेबांना सगळं सांगितलं. ट्रान्सपोर्टमधले वडील कोण तेही सांगितलं. त्यांनी नियमांचं पुस्तक पुढं ओढलं. मग म्हणाले, "पुस्तकात नसलेलं केलं तर कंपनी एजन्सी काढून घेईल."

"नाही केलं तरी घेणारच आहे, साहेब."

त्यांनी पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं. "कल्लाप्पाला सांगा, पाना घेऊन मागच्या गेटवर जा म्हणावं."

कल्लाप्पा पाना घेऊन धावतच गेला. बोर्डाचे चारी बोल्ट गंजले होते, तरी त्यानं दोन मिनिटांत काढले. भंगारवाल्याकडं जाऊन आमचा बाक अजून आहे का बघून आला. नव्हता. मग त्यानं वर्कशॉपच्या जुन्या फळ्यांचा नवा बाक केला. मी चार दिवस सीपीआर दवाखान्याच्या चौकापासून शिरोलीच्या नाक्यापर्यंत जिथं जिथं ड्रायव्हर चहाला थांबतात तिथं स्वतः जाऊन खंडेनवमीचं आमंत्रण दिलं. माफीही मागितली. कुणी टाकून बोललं नाही. सगळे म्हणाले, "येऊ की." त्या 'येऊ की'वर किती विसंबायचं ते मला कळत नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी नऊपर्यंत कुणी आलं नाही. साडेनऊला पहिला बगळा मागच्या गेटातून आत आला. मग दुसरा. अकरापर्यंत एकोणीस गाड्या झाल्या. इलाहीचाचा आले ते मालकांची नवी, दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन. "ही बी चालंल न्हवं?" त्यांनी विचारलं. कल्लाप्पानं झेंडूचा हार आणून तिलाच आधी घातला. चकचकीत फरशीवर कुंकू सांडलं, नारळाचं पाणी सांडलं. कुणीतरी त्याचे फोटो मुंबईला पाठवले, त्याबद्दल जाब विचारणारं कंपनीचं पत्रही पुढं आलं.

आण्णा मात्र दिसेनात. मी मागच्या गेटवर गेले. ते बाहेर कठड्यावर बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर रुमाल. सवयीनं तिथंच थांबले होते की मुद्दाम, ते मी अजूनही विचारलेलं नाही. मी जाऊन शेजारी बसले. कठडा सकाळीच असा तापला होता की मे महिन्याचा विचार करवेना.

"ऊठ, साडीला डाग पडंल," आण्णा म्हणाले. "आतली माणसं बघत्यात."

"बघू देत. हे माझे वडील आहेत, सगळ्यांना सांगून आलेय मी. तुम्ही उठल्याशिवाय मी उठत नाही."

मग रुमाल काढून त्यांनी चेहरा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला, आणि उठले. आत गेल्यावर मी त्यांना ग्राहक कक्षातल्या सोफ्याकडं न्यायला लागले, तर त्यांनी हात सोडवून घेतला. "तिथं काय करू?" म्हणाले आणि कल्लाप्पाजवळ जाऊन लिफ्टवर चढवलेल्या गाडीचं पोट बघत उभे राहिले.

दसऱ्यापर्यंत तीन बुकिंग झाली. सहा हवी होती. मार्चमध्ये एजन्सी गेली. नंतर ऐकलं की कंपनीनं इतर गावांतही हळूहळू गाशा गुंडाळला. गाडीची उंची वाढवली, रंग वाढवले, पडदा सोपा केला, बगळ्याची मानसुद्धा बदलून बघितली म्हणे. खरं कारण आम्ही कळवलं होतं त्यांना. मी चार पानी पत्र लिहिलं होतं. त्याला उत्तर आलं नाही.

सरनोबत साहेबांनी जागा भाड्यानं दिली आणि मी नि कल्लाप्पानं तिथं सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचं गॅरेज काढलं. बावीसपैकी चौदा माणसं आमच्याबरोबर राहिली. बाकीच्यांची सोय लावता आली नाही, त्याचं वाईट वाटतं. मागच्या गेटाजवळ नवा करंज लावलाय, आता त्याची सावली बाकावर पुरते.

आण्णा निवृत्त झाले तरी रोज दहाला येऊन त्या बाकावर बसतात. मागच्या महिन्यात सांगलीहून एक ड्रायव्हर पहिल्यांदाच गाडी घेऊन आला होता. त्याला काही माहीत नव्हतं. मी हिशेबाची वही घेऊन मागं उभी होते. त्यानं आण्णांना विचारलं, "मामा, मालक म्हणत्यात गाडी हितंच लावू कायमची. कसं हाय हे गॅरेज?"

आण्णांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"बरं हाय," ते म्हणाले.

मी वही मिटली. मग त्यांच्या मिशा हलल्या. त्या माणसाला बाकावर आपल्याजवळ ओढून घेत ते म्हणाले, "बस, सांगतो," आणि बोलायला लागले. त्याचा चहा निवला, माझा निवला, कल्लाप्पानं दोनदा हाक मारली, गाडी लिफ्टवरून खालीसुद्धा आली, तरी आण्णा बोलतच होते.